बिएश्चादीचं रान ‘अस्पर्श’ नाही, ते रिकामं केलेलं आहे

पोलंडच्या आग्नेय टोकाला, युक्रेनच्या सीमेवर बिएश्चादी जिल्हा आहे. तिथल्या डोंगरांचे फोटो एका ओळीसह सगळीकडे फिरतायत: ‘युरोपातलं शेवटचं अस्पर्श रान, इथे माणूस कधी वसलाच नाही.’ फोटो खरे आहेत. ओळ धादांत खोटी आहे, आणि तिच्यामुळे हाकलल्या गेलेल्या माणसांचं असणंच नाकारलं जातं.

‘माणूस वसलाच नाही’? या खोऱ्यांत शतकानुशतकं बोयको लोक राहत होते. बोली युक्रेनी, पंथ ग्रीक कॅथलिक (पोपला मानणारा, पण पूर्वेकडच्या पद्धतीने उपासना करणारा ख्रिस्ती पंथ), पोट शेतीवर आणि गुरांवर. शेजारी ज्यू होते, पोलिश होते. लुतोविस्का हे गुरांच्या बाजाराचं गाव. तिथल्या ज्यूंना जून 1942 मध्ये नाझींनी गोळ्या घालून संपवलं. महायुद्धानंतर युक्रेनी भाषकांना आधी सोव्हिएत युक्रेनमध्ये पाठवण्यात आलं. मग 28 एप्रिल 1947 ला पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारची ‘विस्वा’ ही सक्तीच्या स्थलांतराची मोहीम सुरू झाली आणि आग्नेय पोलंडमधून सुमारे 1 लाख 40 हजार माणसं उचलून उत्तरेत आणि पश्चिमेत विखरून टाकली गेली. उस्त्शिकी दोल्ने, आजचं जिल्ह्याचं ठिकाण, तेव्हा सोव्हिएत हद्दीत होतं. 1951 मध्ये दोन्ही देशांनी प्रत्येकी 480 चौरस किलोमीटर जमिनीची अदलाबदल केली, तेव्हा तिथल्या बोयकोंनाही घरं सोडावी लागली.

मागे काय उरलं? स्मोल्निकचं 1791 चं लाकडी चर्च, जे 2013 पासून जागतिक वारसा यादीत आहे. बेरेही गुर्ने गावाची दफनभूमी. आणि जंगलाच्या मधोमध अजूनही फळणारी सफरचंदाची झाडं. ती कुणाच्या तरी परसातली होती.

‘गवताळ माथे निसर्गाने घडवले’ हे अर्धसत्य. अगदी उंचावर वारा आणि थंडी झाडं वाढू देत नाहीत, पण कुरणांचा विस्तार गुरांच्या चराईने झाला. चराई थांबल्यावर खालच्या बाजूने झाडी परत चढतेय. पोवोनिना त्सारिन्स्का या प्रसिद्ध माथ्याला ज्या गावाचं नाव आहे, ते गावच आज नाही.

आणि इथले रानगवे, म्हणजे युरोपी बायसन? ते इथे 1963 मध्ये माणसांनीच आणून सोडले. लांडगे आणि अस्वलं मात्र खरोखर रानटी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा ती ओळ काढा आणि त्या जागी एखाद्या उठलेल्या गावाचं नाव लिहा.