देशमुख सर, योशिई ‘शिकवत नाही’ म्हणजे काय करतो?

देशमुख सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जपानी बेसबॉलमधला पिचर आणि पुढे कोच झालेल्या मासातो योशिईवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप असे: अमेरिकेत ३२ सामने जिंकून ४७ हरलेल्या पिचरला (बेसबॉलमधल्या गोलंदाजाला) एवढं डोक्यावर का घ्यायचं? ‘उत्तम कोच शिकवत नाही’ अशा नावाचं पुस्तक लिहिणारा कोच पगार कशाचा घेतो? आणि त्याच्या हाताखालच्या रोकी सासाकी या तरुण पिचरला इतकं जपून शेवटी हाती काय लागलं? वीस वर्षं मुलांना गोलंदाजी शिकवणारा माणूस हे विचारतोय, त्यामुळे ते उडवून लावण्यासारखं नाहीच.

आकडे तुमचे बरोबर आहेत. योशिई महान पिचर होता असं माझंही म्हणणं नाही. पण त्याच्या वाट्याला काय काय आलं ते बघा. १९८८ साली तो जपानच्या किंतेत्सु बफेलोज संघाचा रिलीव्हर, म्हणजे सामन्यात मध्येच बदली येणारा पिचर होता आणि त्या मोसमात पॅसिफिक लीगचा सर्वोत्तम रिलीव्हर ठरला. १९ ऑक्टोबरला कावासाकीत एकाच दिवशी दोन सामने होते आणि लीगच्या विजेतेपदासाठी किंतेत्सुला दोन्ही जिंकायलाच हवे होते. योशिईने दोन्हींत चेंडू टाकले. पहिला जिंकला, दुसरा ४-४ असा बरोबरीत सुटला आणि विजेतेपद सेइबू संघाकडे गेलं. पुढे याकुल्ट संघात तो पहिल्या डावापासून टाकणारा पिचर झाला आणि १९९८ मध्ये, तेहतिशीच्या उंबरठ्यावर, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क मेट्स संघाकडे गेला. १९९९ च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) पहिल्याच सामन्यात मेट्सने रँडी जॉन्सनसारख्या दिग्गज पिचरसमोर त्यालाच उतरवलं. तो सामना मेट्सने ८-४ असा जिंकला.

आता तुमचा खरा मुद्दा, शिकवण्याचा. याचं मूळ मेट्समध्येच आहे. जपानमध्ये कोच सांगेल ते करायचं, ही योशिईची सवय. अमेरिकेत पहिल्याच सराव शिबिरात तो सूचनेची वाट बघत होता. पिचिंग कोच बॉब अपोडाका यांनी त्याला उलटंच सांगितलं: तुझ्या पिचिंगबद्दल तुझ्याइतकं जाणणारं या संघात कुणी नाही, तेव्हा तूच मला सांग. योशिई हा प्रसंग स्वतः सांगतो. तेहतिशीला आलेल्या व्यावसायिक खेळाडूला असं कुणी विचारण्याची ती पहिली वेळ होती, यावर मी लेख लिहिताना बराच वेळ अडकलो होतो.

शाळेत असताना मीही मध्यमगती टाकायचो. एका सुट्टीच्या शिबिरात माझी ॲक्शन बदलली. हात कानाला लागला पाहिजे, एवढंच सांगितलं गेलं. महिनाभर चेंडू हातातून नीट सुटेना, खांदा दुखायला लागला, आणि तुला काय जाणवतंय, असं कुणी एकदाही विचारलं नाही. मी गोलंदाजी सोडली. त्यामुळे या विषयावर मी तटस्थ नाही, हे मान्य करतो.

योशिई कोच म्हणून रिकामा बसत नाही, सर. सामना झाला की तरुण पिचरला तो स्वतःच्याच शब्दांत बोलायला लावतो: काय जमलं, काय नाही, का. पिचर बोलतो, कोच ऐकतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीव्हर हात गरम करतात त्या जागेत, त्याची शिस्त कडक. रिलीव्हरने खांदा एकदाच गरम करायचा आणि मैदानात जायचं. उठ, टाक, बस, परत उठ, असं करत सामन्याआधीच पन्नास चेंडू खर्च करायचे नाहीत. हे न दिसणारे चेंडू कुठल्याच स्कोअरकार्डात येत नाहीत, पण खांदा त्यांचाही हिशोब ठेवतो. निवृत्तीनंतर निप्पॉन हॅम या जपानी संघात कोचिंग करून झाल्यावर, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, हा माणूस त्सुकुबा विद्यापीठात कोचिंगची पदव्युत्तर पदवी घ्यायला गेला. काम टाळणारा माणूस असं करत नाही. दार्विश आणि ओतानी हे जपानचे दोन नामांकित पिचर निप्पॉन हॅममध्ये त्याच्या हाताखाली टाकून गेले, आणि २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये तोच जपानचा पिचिंग कोच होता. अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध जपानने सात पिचर वापरले. शेवटचे दोन हेच, दार्विश आणि मग ओतानी. निकाल ३-२.

सासाकीबद्दल मात्र तुमचं निम्मं म्हणणं मला पटतं. शाळेत असतानाच १६३ किलोमीटर वेगाने टाकणारा हा मुलगा जपानच्या लोट्टे संघात आला, आणि २०२० मध्ये त्याला एकाही अधिकृत सामन्यात उतरवलं नाही. तेव्हा पिचिंग कोच योशिई होता. १० एप्रिल २०२२ ला त्याच मुलाने १०५ चेंडूंत परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोचू दिलं नाही, आणि १९ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. जपानमध्ये १९९४ नंतरचा तो पहिलाच. पण हेही खरं, की जपानमध्ये एकाही मोसमात त्याने १३० डाव टाकले नाहीत आणि २०२५ मध्ये तो अमेरिकेतल्या डॉजर्स संघाकडे निघून गेला. लोट्टेच्या चाहत्यांना हे लागलं असेल तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी योशिई मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) असताना लोट्टेचा संघ तळाला गेला आणि त्याने पद सोडलं. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

आणि एक दुरुस्ती. १७ एप्रिल २०२२ ला आठ डाव परफेक्ट टाकल्यावर सासाकीला थांबवलं, त्याचं श्रेय मी योशिईला दिलं होतं. तेव्हा मॅनेजर इगुची होते आणि निर्णय त्यांचा होता. लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे.