घुबडांसाठीही कोणीतरी बोलायला हवं

मांज्याने पंख कापलेल्या घारीला बरं करून पुन्हा आकाशात सोडल्याचा लेख वाचला, मनापासून आवडला. आमच्या बेळगाव-खानापूर भागात मात्र गव्हाणी घुबडाचे हाल बघवत नाहीत. जुन्या घराच्या माळ्यावर दिसलं की अपशकुनी म्हणून पोरं दगड मारतात, अमावास्येला करणीवाल्यांची भीती वेगळीच. अहो, भाताच्या, उसाच्या शिवारातले उंदीर तेच तर मारतं! १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, हे गावात कोण सांगतं?

जखमी पक्षी सापडला तर टॉवेल टाकून उचला. चोचीपेक्षा नख्यांपासून स्वतःला सांभाळा. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि लगेच वनखात्याला कळवा. दूध-भात मुळीच नको, चोचीत पाणीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. पिल्लू हौसेने पाळलं तर ते माणसालाच आपलं समजू लागतं, पुढे रानात टिकत नाही.

नायलॉन मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी असूनही तो मिळतोच. वनखात्याने संक्रांतीआधी शाळाशाळांतून कन्नडबरोबर मराठीतही माहितीपत्रकं वाटावीत, वाटायला आम्ही येऊ.