‘पाप असेल म्हणूनच दुःख आले’: फिरणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश वरचेवर येतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, सांगणे तेच. देवाच्या खऱ्या लेकराला आजार, अपघात, नुकसान शिवत नाही. शिवलेच तर कारणे तीनच: लपवलेले पाप, अपुरा विश्वास, नाहीतर पूर्वजांचा शाप. देव झेपेल तेवढेच देतो, तेव्हा रडू नका. उपास धरा, गोळ्या बंद करा आणि सर्व दुप्पट परत मिळेल यावर विश्वास ठेवा. खाली पाचसहा वचनांचे आकडे असतात, त्यामुळे हे पवित्र शास्त्रच सांगते आहे असे वाचणाऱ्याला वाटते. ती वचने आणि त्यांच्या मागचापुढचा मजकूर उघडून पाहिला की हा संदेश टिकत नाही.

आधी लपवलेले पाप. यासाठी गलतीकरांस पत्र 6:7 पुढे केले जाते: माणूस जे पेरतो तेच कापतो. वचन खरेच आहे. दारूने यकृत जाते, जुगाराने घर जाते. पण पापातून दुःख निघते एवढ्यावरून प्रत्येक दुःखामागे पाप असते असे ठरत नाही. हा उलटा हिशेब बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांनी मांडला होता, आणि 42 अध्यायांचे ते पुस्तक तो हिशेब खोडण्यातच खर्ची पडले आहे.

पहिल्याच वचनात ईयोब सरळ आणि देवभीरू आहे हे वाचकाला सांगून ठेवले आहे. मग एका दिवसात 7,000 मेंढरे, 3,000 उंट, सात मुलगे, तीन मुली जातात. अलीफज, बिल्दद, सोफर भेटीला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. तोवर त्यांचे सगळे बरोबर चालले होते. चौथ्या अध्यायात अलीफज तोंड उघडतो: निर्दोष माणसाचा कधी नाश झाला आहे का? आठव्यात बिल्दद मेलेल्या मुलांवर घसरतो. त्यांनी पाप केले असेल, त्याचेच फळ मिळाले, म्हणतो. बाविसाव्यात तर अलीफज सरळ आरोपच रचतो: तू उघड्यांची वस्त्रे काढून घेतलीस, तहानेल्याला पाणी दिले नाहीस. असे काही घडल्याचा पुस्तकात मागमूस नाही. पण सिद्धान्त वाचवायचा तर पाप सापडलेच पाहिजे, आणि सापडत नसेल तर बनवावे लागते. कॅन्सर झालेल्या बाईच्या घरातून बाहेर पडताना ‘काहीतरी असेलच हो’ असे पुटपुटणारे हेच करतात.

शेवटी देव 42:7 मध्ये अलीफजला म्हणतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग पेटला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. नीट कोण बोलला? जो तीसेक अध्याय रडला, भांडला, देवाला जाब विचारत राहिला तो. ‘दुप्पट मिळेल’ म्हणणाऱ्यांनी शेवटचा हिशेबही वाचावा. मेंढरे 14,000 झाली, उंट 6,000 झाले; मुले मात्र पुन्हा सात आणि तीनच, आणि आधीची दहा परत आली नाहीत. हे सगळे का घडले तेही ईयोबाला अखेरपर्यंत सांगितले गेले नाही.

येशूच्या तोंडचे उत्तर हवे असेल तर लूकच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय काढा. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा ते अधिक अपराधी होते असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून येशू स्वतःच सांगतो: नाही. आपल्या शहरात 30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी, बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना जुन्या बावडीवर (पायऱ्यांच्या विहिरीवर) घातलेला स्लॅब खचला आणि 36 माणसे गेली. ती बाकीच्या इंदूरकरांपेक्षा पापी होती का? लूक 13 चे उत्तर तिथेही ‘नाही’ हेच आहे, आणि शेजारी दुसऱ्या धर्माचा आहे म्हणून ते बदलत नाही. कारण स्लॅबमध्ये शोधायचे असते, मेलेल्यांच्या चारित्र्यात नाही. पुढे येशू ‘पश्चात्ताप करा’ म्हणतो, तेही ऐकणाऱ्यांना उद्देशून. मेलेल्यांबद्दल तो काहीच जोडत नाही.

संदेशात योहान 5:14 देखील असते: अडतीस वर्षांच्या आजाऱ्याला बरे केल्यावर येशू म्हणतो, यापुढे पाप करू नको. ते त्याने त्या एका माणसाला सांगितले, ज्याचे अंतःकरण त्याला माहीत होते. चार अध्यायांनंतर जन्मांधाविषयी शिष्य विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? तिथे येशू दोन्ही नाकारतो. शिष्यांनासुद्धा न कळलेली गोष्ट आपल्याला फॉरवर्ड वाचून कळेल असे मानणे धाडसाचे आहे.

विश्वास कमी पडला, हा दुसरा मुद्दा. त्याच योहान 5 मधला माणूस बरा झाला तेव्हा आपल्याला बरे करणारा कोण हेही त्याला ठाऊक नव्हते (5:13). उलट प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारे एक दुखणे, काढावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली. उत्तर आले, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’. आपला सोबती त्रफिम याला तो मिलेत गावी आजारी सोडून आला, दुसरा सोबती तीमथ्य याला पोटाच्या वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. यात अविश्वासू कोण? पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, 1882 ला नवरा कॉलऱ्याने गेला, जुलै 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. त्याच रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचे काम शेवटपर्यंत करत राहिल्या आणि एप्रिल 1922 मध्ये वारल्या. त्यांचा विश्वास अपुरा होता असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल? सिस्टर राणी मारियांचे नाव तर इंदूरच्या मंडळ्यांना सांगायला नको. उदयनगरच्या भूमिहीन आदिवासींना सावकारांपासून सोडवण्याचे काम त्यांनी केले, आणि 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारले. 4 नोव्हेंबर 2017 ला इथेच कॅथलिक चर्चने त्यांना धन्य घोषित केले. त्या मारल्या गेल्या त्या चांगुलपणामुळेच.

शापाबद्दल थोडक्यात. बापांच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, हे निर्गम 20:5 सांगतात, पुढच्याच वचनातली हजारो पिढ्यांवरची दया गाळतात. यहेज्केल 18:20 स्पष्ट आहे: बापाच्या अन्यायाचा भार मुलाने वाहायचा नाही.

‘झेपेल तेवढेच’ हे 1 करिंथ 10:13 वरून घेतात. तो अध्याय मूर्तिपूजा आणि व्यभिचाराच्या मोहाविषयी आहे. कॅन्सर, अपघात किंवा पोर गमावण्याविषयी नाही. त्याच पौलाने 2 करिंथ 1:8 मध्ये लिहिले की आमच्यावर शक्तीबाहेर भार पडला, जगण्याचीही आशा उरली नाही. रडू नका म्हणणाऱ्यांनी स्तोत्र 88 वाचावे. ते अंधारातच संपते, आणि तरी प्रार्थनांच्या पुस्तकात आहे. येशू लाजराच्या कबरेशी रडला, आणि वधस्तंभावर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असे ओरडला.

गोळ्या बंद करण्याचा सल्ला मात्र जीव घेणारा आहे. याकोब 5:14 मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगतो, औषध टाकायला नाही; आणि पुढे ‘त्याने पापे केली असतील तर’ म्हणतो, म्हणजे केलीच असतील असे धरून चालत नाही. हिज्कीया राजाच्या गळवावर यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप लावायला लावला (यशया 38:21). शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. टाइप 1 मधुमेहाचे इन्सुलिन थांबवले तर एकदोन दिवसांत रक्तात आम्ल साठून माणूस बेशुद्ध पडू शकतो. मिरगीची (फिट्सची) गोळी एकाएकी सोडली तर झटके लागोपाठ येतात. टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स बरे वाटताच अर्ध्यात सोडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मधुमेहावरच्या काही गोळ्या घेऊन उपास धरला तर साखर एकदम उतरते: घाम, थरथर, भ्रम. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मग चांगल्या माणसांवर दुःख का येते? रोमकरांस 8:22 म्हणते की सारी सृष्टी प्रसूतिवेदना भोगत कण्हते आहे. काही दुःख माणसांच्या क्रौर्यातून येते, काही निष्काळजीपणातून, काही या कण्हण्यातून. अमक्यावरच का, याचे सूत्र शास्त्र देत नाही. देव वधस्तंभावर त्या दुःखात उतरला आणि पुनरुत्थानाने त्याची मुदत ठरवली, एवढे ते देते. कारण माहीत असल्याचा आव आणण्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे.

आजाऱ्याच्या भेटीला जाताना आधी फोन करा, पंधरा मिनिटांवर बसू नका. बरे झालेल्यांच्या साक्षी सांगू नका. विचारून स्तोत्र 13 वाचा, सहाच वचने आहेत. प्रार्थनेत पापाची चौकशी नको. कबुली द्यायची असेल तर तो स्वतः पाळकसाहेबांना बोलावील. डबा द्या, रात्री वॉर्डात बसायची पाळी वाटून घ्या, तपासणीच्या रांगेत घरच्यांऐवजी उभे राहा. आणि तो संदेश पुन्हा आला तर गप्प बसू नका, ग्रुपवरच ईयोब 42:7 लिहा. गोळ्या सोडाव्यात की काय या विचारात असलेले कोणी त्याच ग्रुपवर वाचत असेल.