जड वस्तू आधी खाली येते? फळी लावून बघा

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: विज्ञानाच्या तासाला पोरांना तिरक्या फळीवरून गोट्या सोडायला लावतात, हा निव्वळ टाइमपास. जड वस्तू आधी खाली येते हे शेंबड्या पोरालाही कळतं. उतार वाढवला की खेळण्यातली गाडी लांब जाते. गॅलिलिओने हे कधीच सिद्ध केलंय. आणि बोर्डात याला मार्क नाहीत.

‘जड आधी’ हेच मुळात खोटं. काचेची गोटी आणि तेवढाच लोखंडी छर्रा एका रेषेवरून सोडा, बरोबरच पोचतात. वजन वाढलं की खालची ओढ वाढते, पण वस्तू हलवणंही तितकंच जड जातं. वजन हिशेबातून निघून जातं. फरक पडतो तो वजन कुठे साठलंय याने. घरंगळणाऱ्या वस्तूला पुढेही जायचं असतं आणि स्वतःभोवती फिरायचंही असतं. वजन कडेला असेल तर फिरण्यातच जास्त ऊर्जा खर्च होते.

आपल्याकडे यंत्रमागाच्या कारखान्यांत पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळ्यांना तोटा नाही. एक सरळ नळी आणा (शंकूसारखी निमुळती नको, ती वळत वळत फळीबाहेर जाते). आत पोकळ, म्हणजे नळीचं सगळं वजन कडेलाच. 1 मीटरच्या फळीचं एक टोक 10 सेंटिमीटर उचला. गोटी साधारण 1.7 सेकंदांत खाली येते, नळीला 2 सेकंद लागतात. गोटी तळाला टेकते तेव्हा नळी अजून 30 सेंटिमीटर मागे असते. पातळ नळी पुठ्ठ्याची असो की लोखंडाची, निकाल तोच.

आता कुणी म्हणेल, पाण्याची भरलेली बाटली रिकामीला हरवते, मग जडच जिंकलं ना? हरवते, खरंय. पण ती स्वतःपेक्षा कितीतरी जड लोखंडी गोळ्यालाही मागे टाकते. बाटली फिरते, आतलं पाणी फारसं फिरतच नाही. हा प्रकार वर्गात दाखवला की जो गोंधळ होतो, त्यासाठी तास वाया गेला तरी चालेल.

उताराचं म्हणणं अर्धं खरं. फळी तीच ठेवून टोक उचललं तर उंची वाढते, म्हणून वेग वाढतो. पण उतार फार खडा झाला की गाडी तळाशी जमिनीवर आदळते आणि मिळवलेला वेग तिथेच घालवते. गुळगुळीत फळीवर तर गोटी घरंगळायची सोडून घसरू लागते.

गॅलिलिओचं नाव मात्र मेसेजवाल्यांनी घ्यायलाच नको होतं. ‘जड आधी’ हे मत त्याने खोडून काढलं होतं! 1638 साली छापलेल्या ग्रंथात त्याने तिरक्या खाचेतून ब्राँझचा गोळा सोडल्याचं वर्णन आहे. इतकी थोडी वेळ मोजणारं अचूक घड्याळ नव्हतं, म्हणून भांड्यातून गळलेलं पाणी तोलून वेळ मोजली. वेळ दुप्पट तर अंतर चौपट, हे त्यातूनच निघालं.

मार्कांचं थोडक्यात: दहावीच्या विज्ञानात 20 मार्क प्रात्यक्षिकाचे आहेत, नववीचं पुस्तक ‘गतीचे नियम’ने सुरू होतं.

मेसेजमधली एक तक्रार मात्र मान्य. काही वर्गांत सर एकदाच गोटी सोडतात आणि पोरं गाइडमधला निष्कर्ष उतरवतात. तो टाइमपासच. दोन्ही वस्तू एका पट्टीमागे अडवून पट्टी झटक्यात उचलायची, हाताने ढकलायचं नाही, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करायचं आणि सोडण्याआधी कोण जिंकेल ते प्रत्येकाने वहीत लिहायचं. पालकांनीही लिहावं.