ज्वालामुखी पुरे, आता चुना आणा

आधीच सांगून टाकतो. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, नोकरी काही लागली नाही, बाबांनी दुकान टाकून दिलं. मोरचूद (तांब्याचं निळं मीठ, कॉपर सल्फेट), गंधक, युरिया आणि फवारणीची औषधं विकतो. 'औषधं' हा आमच्या धंद्यातला शब्द. माझी नववीतली पोरगी म्हणते, "बाबा, विष म्हणा ना सरळ." तिचंही खोटं नाही. तेव्हा ही पोस्ट लिहिणारा माणूस काही धुतल्या तांदळाचा नाही, हे धरूनच पुढे वाचा.

दोन वर्षांपूर्वी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, एका शाळेनं मला प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून बोलावलं. सव्वीस मॉडेलं होती, त्यातले सात ज्वालामुखी. मातीचा डोंगर, पोटात खाण्याचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. फसफस वर आली की टाळ्या. एका पोट्ट्याला विचारलं, "हे फसफसतं काऊन रे?" तो म्हणाला, "काका, लाव्हा हाय ना तो." पुढं काय विचारावं ते मलाच सुचेना. अन् खरी लाजेची गोष्ट म्हणजे पहिला नंबर मी त्यालाच दिला, कारण त्याच्या डोंगराला एलईडीची माळ होती.

रात्री झोपताना ते टोचत राहिलं. हातानं करून पाहायचे प्रयोग म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यात पोरांचे हात चालतात, पण काय होणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. फसफस येणारच. आली नाही तर सर येऊन आणखी सोडा टाकतात. ज्याचं उत्तर ठरलेलं आहे आणि ज्याच्या उत्तराची गावात कोणाला गरज नाही, त्याला मी प्रयोग म्हणत नाही. ती नाटकाची तालीम झाली.

बुवाबाजीविरुद्धचे कार्यक्रम आमच्याकडे होतात, तेही मी पाहिलेत. लिंबू कापलं की रक्त निघतं, मग सांगतात की सुरीला आधीच रसायन लावलं होतं. चांगलं काम आहे, त्यानं एखाद्या भोंदूचा धंदा बसत असेल तर बसावाच. पण गर्दी पाहते, हसते आणि घरी जाते. सुरी त्यांच्या हातात येतच नाही.

आता माझी फजिती सांगतो, कारण इथूनच पुढचं सुरू झालं.

संत्र्यावर बुरशीच्या रोगांसाठी बोर्डो मिश्रण फवारतात हे आमच्या भागात कोणाला सांगायला नको. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा (न विझवलेला) चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवायचं, मग एकत्र ओतून ढवळायचं. आभाळासारखा निळा रंग येतो. ही युक्ती फ्रान्समधल्या बोर्डो भागातली. तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या द्राक्षांवर मोरचूद-चुना मारून ठेवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं चोरून खाऊ नये म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं की रोग सगळीकडे आहे, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार आहेत. १८८५ साली त्यानं ते मांडलं. म्हणजे चोरांच्या भीतीतून निघालेलं औषध. आमच्याकडे संत्राचोर कमी नाहीत, पण त्यांच्यामुळं असा शोध अजून कोणी लावलेला नाही.

तर मी, रसायनशास्त्राचा पदवीधर, माझ्याच बागेत मापात मिश्रण करून फवारलं. चार दिवसांत पानं करपली. माप बरोबर, पाणी बरोबर, मोरचूद दुकानातलाच. मग चुकलं कुठं? चुना. गोदामाच्या कोपऱ्यात उघड्या पोत्यात गेल्या वर्षापासून पडलेला. कळीचा चुना हवा खातो, ओल खातो, आधी भुकटी होतो आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू त्याचा खडू होऊन बसतो. तो मोरचुदाचं आम्लपण पुरतं मारत नाही. मोकळं राहिलेलं तांबं पानं जाळतं. वजनकाट्यावर किलो भरला, पण कामाचा चुना त्यात अर्धाही नसावा.

याची परीक्षा जुन्या बागाइतदारांना ठाऊक असते. मिश्रणात लोखंडाचा विळा बुडवून थोडा वेळ धरायचा. पात्यावर तांबूस रंग चढला तर समजायचं की तांबं मोकळं आहे, आणखी चुन्याची निवळी घाला. लोखंड तांब्याला द्रावणातून हाकलतं आणि स्वतः त्याच्या जागी जाऊन बसतं. विस्थापन अभिक्रिया म्हणून दहावीला मी हेच पाठ केलं होतं, पेपरात समीकरणाचे पूर्ण गुणही घेतले होते. बागेत मात्र विळा बुडवायचं सुचलं नाही. शेजारचे काका, चौथी शिकलेले, बांधावरून म्हणाले, "कावून, इळा नोयता का घरी?"

पुढच्या जूनमध्ये पोरीला आणि तिच्या सात-आठ मैत्रिणींना दुकानामागच्या पडवीत बसवलं. गावातल्या सहा घरांतून चिमूटभर चुना आणायला सांगितला. कोणाचा भिंतीसाठी आणलेला, कोणाचा आजोबांच्या तंबाखूच्या डबीतला, एक माझ्याच पोत्यातला. प्रत्येकावर लिंबाचा रस पिळायचा, एवढंच. ताजा विझवलेला चुना गुपचूप राहतो. हवा खाऊन खडू झालेला फसफसतो, कारण पकडून ठेवलेला वायू आम्ल पडताच सुटतो. माझ्या पोत्यातला असा फसफसला की पोरी ओरडल्या, "काका, ज्वालामुखी!"

ज्वालामुखी तोच, वायूही तोच, कार्बन डायऑक्साइड. पण आता त्या फसफशीचा अर्थ होता: हा चुना बागेत नेऊ नका. त्यातल्या एका पोरीनं घरी जाऊन वडिलांना पोतं बदलायला लावलं. ते माझ्याकडेच आले, तेव्हा माझा धंदाही झाला, हे लपवत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. चुना विझवायचं काम पोरांना देऊ नका, ते मोठ्यांनीच करायचं. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळी फुटते, आणि डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. चष्मे आणा. साधे, वेल्डिंगच्या दुकानात मिळतात ते पारदर्शक.

शाळांना येणाऱ्या तयार प्रयोगांच्या याद्यांबद्दलही बोलायचं आहे. आम्ल-अल्क ओळखायला लाल कोबी घ्या म्हणतात. आमच्या आठवडी बाजारात लाल कोबी पाहिलेला माणूस दाखवा! कुंपणावर गोकर्ण आहे, दारात जास्वंद आहे, आणि हळद तर प्रत्येक घरात. हळदीच्या डागाला साबण, म्हणजे अल्क, लागला की तो लाल होतो, हे आपल्या आयांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. हळद आणि चुन्यापासूनच कुंकू करत. एवढी रसायनशाळा कपाळावर घेऊन फिरणाऱ्या बाईला आपण सांगतो की विज्ञान अवघड असतं.

यात माझं नवीन काही नाही. आमच्या शेजारच्या वर्ध्यातच १९३७ साली गांधीजींनी नई तालीम मांडली, हाताच्या कामातून शिक्षण. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांतून पोरांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचा कार्यक्रम सुरू झाला. तीस वर्षं चालला, २००२ मध्ये सरकारनं बंद केला. एक सोडून दोन उदाहरणं उशापायथ्याशी, आणि आपण मोबाइलवर परदेशी पोरांचे रंगीत धुराचे व्हिडिओ पाहतो.

आता शर्टाची गोष्ट.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेली. शेतकरी होते, शेतमजूर होते. त्या साली माझ्या दुकानातही लोक यायचे आणि माझ्याकडे पाहायचे नाहीत. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला डब्यावरचा रंगीत त्रिकोण दाखवतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे सेंद्रिय, असं समजणारेही भेटलेत. लोक मान डोलवतात, आणि दुसऱ्या दिवशी उघड्या अंगानं पंप घेऊन निघतात. सांगून होत नाही.

म्हणून मागच्या ऑगस्टमध्ये पोरींनीच एक डाव मांडला. दुकानातला कोरा बॅटरी पंप घेतला, विष कधीच न भरलेला. त्यात हळदीचं पाणी. पहिल्या पाच मिनिटांत नोझल तुंबलं, लोक हसले. मग पोरींनी पाणी दोनदा फडक्यातून गाळलं. ज्या काकांनी मला विळ्यावरून टोमणा मारला होता, त्यांनाच पांढरा शर्ट, पांढरा पायजमा घालून कपाशीच्या दोन ओळी फवारायला लावलं. बाहेर आले तर कपडे जवळपास पांढरेच. काही ठिपके, बस. काका म्हणाले, "पाह्य, काहीच नाही लागलं. म्या वीस वर्सापासून फवारतो."

पोरींनी बादलीत साबणाचं पाणी केलं आणि कपडे त्यात बुडवून वर काढले.

मांड्या लाल. ओल्या कपाशीतून चालताना घासल्या होत्या. पाठीवर पंपाखाली ताटाएवढा डाग, झाकणातून झिरपलेलं. मनगटं, कॉलर, आणि छातीशी पाच बोटं, कारण मध्येच त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली होती. काका काहीच बोलले नाहीत. कपाशीवर मारतात त्यातली बरीच औषधं कातडीतूनही आत जातात, हे मी सांगणार होतो, पण सांगायची गरज उरली नाही.

मागून एका बाईचा आवाज आला, "अन् हे कपडे धुते कोन, भाऊ?"

सगळ्यांनी बादलीकडे पाहिलं. माझी पोरगी हात बाहेर काढून उभी होती. मनगटापर्यंत लालसर.

त्या आठवड्यात रबरी हातमोज्यांची सगळी खोकी संपली. घेणाऱ्या बहुतेक बायाच होत्या. पुढच्या महिन्यात किती जणींच्या हातात मोजे होते हे मी मोजलेलं नाही, आणि मोजायला गेलो तर आकडा मला आवडेल असं वाटत नाही.

तो शर्ट मी दुकानात काउंटरच्या वर टांगलाय. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, समोरून ऊन येतं, त्यामुळं डाग फिके पडत चाललेत. परवा एकानं विचारलं, विकायचा आहे का. पोरी म्हणतात, नवा शर्ट आणा, आणि या वेळी काका नकोत, तुम्ही स्वतः फवारा.