पंखा आमचा, हुकूम काकूंचा

इंदूरच्या रामबागेत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसाला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायची सवय असते. पण शेजारच्या काकूंना उकडू लागताच आमच्या दिवाणखान्यातला पंखा पाचवर जावा, हे जरा अतीच झाले. काकूंची तक्रारही हीच, फक्त उलट दिशेची: मी गारठून पंखा बंद केला की त्या घामाघूम.

इलेक्ट्रिशियनने रिमोटचे सेल काढून दाखवले. आत एका लाल डबीवर तांदळाएवढी चार पांढरी बटणे ओळीने बसली होती. हे डिप स्विच. अशीच डबी छताजवळच्या वाटीत लपलेल्या रिसीव्हरवर असते आणि दोन्हींकडची मांडणी जुळली तरच पंखा ऐकतो. कारखान्यातून बहुधा सगळे नग एकाच मांडणीत बाहेर पडतात आणि रेडिओलहरींना भिंतीचे सोयरसुतक नसते.

बटण ‘ऑन’कडे सरकवले की त्याखालचे दोन संपर्क जोडले जातात, इतकेच. मात्र बऱ्याच सर्किटांत चिपची पिन रेझिस्टरमार्फत पुरवठ्याच्या व्होल्टेजला बांधलेली असते आणि ‘ऑन’ केल्यावर ती ग्राउंडला, शून्य व्होल्टला जाते; म्हणजे आपण चालू केलेल्या बटणाला चिप शून्य म्हणते. अशा वस्तूशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी पेन्सिलीने बटण सरकवू लागताच इलेक्ट्रिशियन ओरडला, “भिया, पेन्सिल नहीं! उसके चूरे में करंट दौड़ता है.” मग मेन स्विच बंद करून, बारीक पेचकसाने त्याने दोन्हींकडचे पहिले बटण सरकवले.

त्याच दुपारी काकूंनीही दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावला होता. त्यानेही पहिलेच बटण सरकवले.

संध्याकाळी दोन्ही पंखे पुन्हा एकदिलाने फिरू लागल्यावर आमची संयुक्त बैठक झाली. चार बटणांच्या सोळा मांडण्या होतात, पहिल्याची किंमत १, मग २, ४ आणि ८, हे मी समजावले. काकूंना शकुनाचा २१ हवा होता. चारही बटणे लावली तरी बेरीज १५च्या वर जात नाही, हे ऐकून त्यांनी पंख्याच्या कंपनीविषयी जे मत दिले ते इथे लिहिण्याजोगे नाही. अखेर पहिले, दुसरे आणि चौथे बटण लावून त्यांनी ११ घेतला. आम्हाला ५ मिळाला.

वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले, तेव्हा काकूंनी नाव-गाव विचारण्याआधी त्यांच्या पंख्याचा आकडा विचारला.