"मी सगळीकडं वाकलेलीच का?"

आज दुपारी एक डॉक्युमेंटरी बघून आले आणि तेव्हापासून डोकं तापलंय. नाव नाही लिहिणार, दिग्दर्शक माणूस भला आहे. पोस्टरवर ठळक अक्षरांत 'वस्तीसोबत मिळून केलेला माहितीपट'. मिळून म्हणजे काय, तर शेवटी पाट्या पळतात त्यात कॅमेरा, ड्रोन, साउंड, सबटायटल्स, सगळ्यांची नावं आडनावासकट, आणि तळाला एक ओळ: 'विशेष आभार: वस्तीतील सर्व भगिनी'. सर्व भगिनी! ज्यांच्या चुलीपर्यंत कॅमेरा नेला, त्यांना साधं नाव नाही? कुणीतरी विचारलं, बायकांनी बघितली का फिल्म? तर म्हणे, 'लवकरच वस्तीत स्क्रीनिंग ठेवतोय.' म्हणजे आधी एसी हॉल, मग भगिनी.

मला आमची मावशी आठवली. पुण्यातल्या कचरावेचक बायकांसोबत फिल्म करत होतो, मावशी त्यातलीच एक, तेव्हाची गोष्ट. इथे आधीही लिहिली असेल, परत ऐका. रफ कट, म्हणजे कच्ची जोडलेली फिल्म, दाखवायला समाजमंदिरात चादर बांधलेली. संपल्यावर सगळ्याजणी 'छान झालंय' म्हणाल्या. मावशी गप्प. मग हळूच म्हणाली, "ताई, ह्यात मी सगळीकडं वाकलेलीच हाय. मी कधी सरळ उभी र्‍हात न्हाई व्हय?"

घरी येऊन एडिटची टाइमलाइन बघितली. खरंच की. कंटेनरमध्ये वाकलेली, पोतं उचलताना वाकलेली, शेडमध्ये ओला-सुका निवडताना वाकलेली. हीच बाई पतपेढीच्या मीटिंगमध्ये हिशेब विचारून भल्याभल्यांना घाम फोडते. तो तास आम्ही शूटच केला नव्हता. 'व्हिज्युअल नाही' म्हणून!

अरे, १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, म्हणजे पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना, उभी राहिली तीच मुळी 'आम्ही कामगार आहोत' हे ठणकावून सांगायला. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या घरांतल्या बायकांनी महापालिकेची सही असलेली ओळखपत्रं मिळवली, 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था करून २००८ साली महापालिकेशी घरोघरचा कचरा उचलायचा करार केला. आणि आपण एवढ्या वर्षांनी कॅमेरा घेऊन जायचं, ते पुन्हा 'बिचाऱ्या' दाखवायला.

तर मावशी. "धर, तूच घे मग," असं म्हणून मी कॅमेरा तिच्या हातात दिला. थोडी घुश्श्यातच, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी तिने काय आणलं? भंगारवाल्याचा काटा. चार मिनिटं नुसता काटा. लाल आकडे वर-खाली होतायत, आणि कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या पोत्याला हलकेच टेकलेला भंगारवाल्याचा गुडघा. वजन तिथे कमी होतं! मला त्या दुकानात दहा वर्षं उभं केलं असतं तरी तो गुडघा दिसला नसता.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. १९८४ मध्ये अहमदाबादला 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या भाजीवाल्या वगैरे बायकांनी व्हिडिओ कॅमेरा हातात घेतला, त्यातल्या कितीजणींना अक्षरओळखही नव्हती. १९६७ साली कॅनडातल्या फोगो बेटावर कोळ्यांना फिल्म आधी दाखवली, त्यांना विचारलं, मग बाहेर नेली. रिळाच्या जमान्यात! आणि आमच्याकडे व्हॉट्सॲप असून 'वेळ नव्हता'.

हो, मान्य, वीस जणी मिळून एडिट होत नाही. कुणाची सून दिसली, कुणाची नाही, यात आमचे दोन रविवार गेले. पैसे देणाऱ्याला तारीख हवी असते, तेही खरं. असो.

इथपर्यंत लिहिलं आणि जरा थांबले. कारण मावशीचा तो चार मिनिटांचा काटा फिल्ममध्ये चाळीस सेकंदच आहे. कापला मीच. लांबतोय म्हणून. तिचं नाव पाटीवर आहे, कॅमेऱ्याखाली, माझ्या बरोबरीने. पण तो कट मारताना तिला विचारलं नव्हतं. त्या दिग्दर्शकाला हॉलबाहेर गाठून जे सुनावणार होते, ते बरं झालं सुनावलं नाही.

संध्याकाळी तिचा फोन होता. बचतगटाच्या बायकांना फिल्म दाखवायची आहे, पेनड्राइव्ह घेऊन ये म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, "ताई, त्यो काटा जरा लांबीव की. गुडघा दिसस्तवर संपतोय."

रविवारी जातेय. लॅपटॉपही नेतेय.